वेडेलिया लावावी कशी

कळंबला सुरूच्या बनामागे वीकेंडपुरता बंगला बांधून झाला, की मालकाच्या डोळ्यांत अंगणातली वाळू खुपू लागते. लॉन पाणी फार पिते आणि माळी सुट्टीवर असतो. मग नर्सरीवाला ‘वेडेलिया’ पुढे करतो. नावातल्या वेडाला तो जबाबदार नाही. जर्मनीतले वैद्यकाचे प्राध्यापक गेऑर्ग वोल्फगांग वेडेल (१६४५–१७२१) यांचे ते आडनाव. शास्त्रज्ञांनी पुढे तिचे बारसे बदलून ‘स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा’ केले. ते उच्चारून कोणी रोप विकत नाही.

लागवडीसाठी वीतभर कांडी घ्यावी. पाने जाडसर, समोरासमोर, टोकाला तीन दाते असलेली. पावसाच्या तोंडावर ती वाळूत खोचावी. खोचायचा कंटाळा आला तर नुसती टाकावी. पेर ओल्या जमिनीला टेकले की मुळे सोडते, पुढच्या पेराचेही तेच. बी धरण्याच्या भानगडीत ही फारशी पडत नाही. तिचे अडत नाही. खारा वारा, रेताड जमीन, माळ्याची दांडी, सगळे तिला चालते.

पिवळे फूल आले की पाहुण्यांना सांगावे: हे एक फूल नव्हे, झेंडूसारखाच फुलोरा. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ स्वतंत्र फूल आणि मधल्या गोंड्यात आणखी कितीतरी दाटीने बसलेली. पाहुणे माना डोलावतात. मात्र एखादी आजी पिवळा माका समजून पाला खुडू लागली तर तिला थांबवावे. माका हिच्या नात्यातला आहे खरा, पण ही बाई उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची.

दुसऱ्या पावसात छाटणी करून पाला कुंपणापलीकडे भिरकावावा. ही पायरी सहसा कोणी चुकवत नाही. पुढचे काम ओहोळ करतो: शेजाऱ्याची वाडी, केळीचे पाट, मोगऱ्याचे वाफे. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जीवांच्या प्रसिद्ध यादीत हिचे नाव आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ती विकायलाही बंदी आहे. वाळू धरून ठेवणारी जांभळ्या फुलांची वेल कोकणच्या किनाऱ्यावर आधीपासूनच आहे. तिला मर्यादवेल म्हणतात. या पाहुणीला ते नाव शोभणार नाही.

हौस फिटल्यावर खुरपे घेऊन बसावे. दोरी ओढली की तुटते, म्हणून ओढू नये. मुळासकट एकेक पेर वेचावे, फरशीवर कडक उन्हात पार वाळेपर्यंत ठेवावे. एक पेर मातीत राहिले, तर नवी लागवड झाली असे समजावे.