दिवस मोजणारे सर

नंदुरबारमध्ये ऑक्टोबरचं ऊन अंगाची लाही करत असताना मिरचीच्या पथारींवरून कोणी स्वेटर घालून, शिंकत चाललं असेल, तर ते जीवशास्त्राचे प्राध्यापक आहेत असं खुशाल समजावं. ‘‘सर, एवढ्या उन्हात स्वेटर?’’ म्हटलं की उत्तर तयार : ‘‘२३ सप्टेंबर उलटला. ऊन फसवतं, दिवसाची लांबी फसवत नाही!’’

ही अक्कल त्यांना एका अमेरिकन डासाने शिकवली. घटपर्णीच्या पाण्यात वाढणारी त्याची अळी थंडीची वाट बघत नाही. दिवस ठरावीक लांबीहून आखूड झाला की ती वाढ थांबवून सुप्त होते. ऑरेगन विद्यापीठाच्या ब्रॅडशॉ आणि होल्झाप्फेल यांनी २००१ साली दाखवून दिलं, की हवामान तापत गेलं तसा हा डास पूर्वीपेक्षा उशिरा निजू लागला आणि हा फरक थेट जनुकांत उतरला. सर हे चहाच्या टपरीवर सांगतात, भाजीवालीलाही सांगतात. भाजी आणायची तेवढी राहते. डास बदलला, सर नाहीत. तरी त्यांच्या पत्नी रोज पिशवी हातात देतात.

एकदा तोरणमाळच्या वाटेवर त्यांनी एका म्हाताऱ्याला थांबवलं. गावरान ज्वारी लवकर पेरा की उशिरा, दिवस लहान झाल्याशिवाय ती निसवत नाही, हे अर्धा तास समजावलं. म्हातारा शांतपणे म्हणाला, ‘‘हे आता पुस्तकात बी आलं का?’’ सरांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं, संदर्भ म्हणून.

लग्नघरात मात्र सरांची धास्ती असते. अक्षता हातात घेऊन ते वरबापाला विचारतात, ‘‘पत्रिका राहू द्या, दोघांची सिकलसेल तपासणी झाली?’’ मग व्याख्यान. पावसाने डास पोसला, डासाने हिवताप पसरवला आणि हिवतापाने सिकलसेलचं जनुक टिकवलं. आई किंवा बाप, एकाकडूनच आलं तर ते हिवतापापासून बऱ्यापैकी वाचवतं. दोघांकडून आलं तर आजार. वऱ्हाडी जेवणाकडे सटकतात.

सरांचं बाकी सगळं कानाआड केलं तरी चालेल, हे नको. नवरा-नवरी दोघंही या जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मुहूर्त पुढेमागे झाला तरी बिघडत नाही. तपासणी आधी करून घ्या.