तेरा एस.ट्या

(रंगमंचावर एक खुर्ची आणि पुठ्ठ्याचं खोकं. अप्पा बोलतात तेव्हा चष्मा नाकाच्या शेंड्यावर.)

मी साताऱ्याचा, राहतो डॅलसजवळ. आणि मी माझ्या मुलीला शाळेतून काढलंय.

(थांबतो.)

बघा, तिसऱ्या रांगेतल्या काकूंनी लगेच नवऱ्याकडे बघितलं. "नोकरी गेली वाटतं याची!"

नाही हो. होमस्कूलिंग. का, ते बायकोला विचारा. निर्णय तिचा, वैताग माझा.

टेक्सासात हे फार सोपं. नोंदणी नाही, परीक्षा नाही, तपासायला साहेब येत नाही. कायदा म्हणतो, पाच गोष्टी शिकवा: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. मी अप्पांना फोन लावला. अप्पा म्हणजे माझे वडील, चौतीस वर्षं शास्त्र शिकवून रिटायर.

(चष्मा खाली.) "आणि शास्त्र?"

"सक्तीचं नाही, अप्पा."

"मग ती माणसं चंद्रावर गेली कशी? स्पेलिंग पाठ करून?"

मी हट्टानं शास्त्राचं पुस्तक मागवलं. खोकं उघडलं. पहिलाच धडा: पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं.

"सहा हजार? अरे, अजिंक्यताऱ्याचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा! आपल्या घराच्या जोत्याला तोच दगड आहे. म्हणजे जोतं आधी आणि पृथ्वी नंतर?"

पुढचा धडा. जलप्रलय. नोहाच्या नावेत डायनासोरसुद्धा होते. मोठे मावणार नाहीत म्हणून पिल्लं घेतली. हसू नका, केंटकीत तशी नाव बांधलीय, 2016 पासून तिकीट लावून दाखवतात. लांबी 510 फूट.

अप्पा गप्प. मग पलीकडून कागदाचा आवाज.

"एस.टी. किती लांब? धर चाळीस फूट. पाचशे दहा भागिले चाळीस... पावणेतेरा. तेरा एस.ट्या! एकामागे एक! त्यात जगातले सगळे प्राणी? जोडीनं? अरे, गणपतीला तेरा एस.ट्यांत एक चिपळूण मावत नाही!"

"अप्पा, ती श्रद्धा आहे..."

"श्रद्धा असू दे, रिझर्व्हेशन आहे का? बाहेरून रुमाल टाकून खिडकी धरलीय जिराफानं. मागच्या सीटवर हत्ती आडवा. चाळीस दिवस पाऊस, आणि एस.टी.ची काच खाली येत नाही! आणि डायनासोरची पिल्लंच का नेली, सांगू? अर्धं तिकीट!"

(टाळ्या ओसरू द्याव्यात.)

मग मी शोधायला लागलो: देवाधर्माशिवायचा अभ्यासक्रम. एक सापडला, 'न्यूट्रल'. न्यूट्रल म्हणजे काय? उत्क्रांतीचं पानच नाही. कुणाचं मन दुखायला नको! म्हणजे गाडी न्यूट्रलला टाकलीय आणि मी पोरीला सांगतोय, बाळा, आपण प्रवासाला निघालोय.

गणेशोत्सवात एक गृहस्थ भेटले. दर वर्षी भेटतात, दर वर्षी माझ्या वाटणीची जिलबी खातात. म्हणाले, "परक्यांची पुस्तकं कशाला? आपल्याकडे सगळं होतंच." आणि हातात एक पुस्तक ठेवलं. विज्ञान, धडा पहिला: पुष्पक विमान.

"विचार त्यांना," अप्पा म्हणाले, "इंधन काय घालायचं? ही तर चौदावी एस.टी.!"

मग अप्पांनी बालभारतीची पीडीएफ पाठवली. दहावीचं विज्ञान, भाग दोन. पहिलाच धडा, आनुवंशिकता व उत्क्रांती. मी म्हटलं, "अप्पा, ती नऊ वर्षांची आहे."

"मग सावकाश वाच."

फार ऐटीत होते. मी हळूच सांगितलं की 2023 मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली. पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

(खुर्चीत बसतो. चष्मा हातात.)

अप्पा नास्तिक नाहीत हो. रोज तासभर पूजा. पण 1995 साली, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण होतं. आईनं चकल्या-लाडवांच्या डब्यांवर तुळशीपत्रं ठेवलेली, गल्लीत दारं बंद. अप्पांनी आळीतली सगळी पोरं अंगणात गोळा केली, पोस्टकार्डाला दाभणानं भोक पाडलं आणि उन्हात धरलं. सारवलेल्या जमिनीवर सूर्य पडला. एवढासा. करंजीसारखा. आम्ही चौदा जण त्या करंजीभोवती उकिडवे बसलेलो, आणि अप्पा एक शब्द बोलले नाहीत.

8 एप्रिल 2024. डॅलसला खग्रास, जवळपास पावणेचार मिनिटं. माझ्या पोरीनं या खोक्याला भोक पाडलं. हेच ते खोकं, सहा हजार वर्षांचं. साताऱ्यात रात्रीचे बारा वाजून गेलेले, अप्पा व्हिडिओ कॉलवर जागे. भर दुपारी अंधार झाला. रस्त्यावरचे दिवे लागले. पोरगी ओरडली, "आजोबा, दिसतंय?" फोनवर सगळं काळं. अप्पा म्हणाले, "दिसतंय, दिसतंय."

(चष्मा पुन्हा नाकावर.)

"सुटलं ग्रहण? आता आधी आंघोळ कर."

"आजोबा! हे शास्त्रात कुठंय?"

"शास्त्रात नाही, बाळा." (आवाज एकदम खाली.) "आजी मागे उभी आहे."

(अंधार.)