सोवळ्यातला धूर

अहो, ऐकलंत का? बिडी ओढणारा म्हणजे गावंढळ, सिगारेट ओढणारा म्हणजे वाया गेलेला, आणि हुक्का ओढणारा? तो म्हणे 'चिल' करतो! चांगल्या घरातली मुलं हो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली, संकष्टीला साबुदाण्याची खिचडी मागून घेणारी. आईला फोनवर "प्रोजेक्टला बसलोय" म्हणून सांगतात आणि बसलेली असतात लाल-निळ्या दिव्यांखाली, काचेच्या एका उंच भांड्याभोवती, नळी या हातातून त्या हातात देत. कुणी टोकलंच तर उत्तर तयार असतं. "काकू, ही सिगारेट नाहीये. धूर पाण्यातून येतो. फिल्टर होतो तो."

म्हणजे धुराला आंघोळ घातली की तो सोवळ्यात! मग वर त्याला पुदिन्याचा, गुलाबाचा नाहीतर पान-रसनाचा वास लावला की झालाच तो देवघरात न्यायच्या लायकीचा.

पण पोरांना तरी काय बोलायचं? ही थाप त्यांनी शोधलेली नाही. ती निदान चारशे वर्षं जुनी आहे. तिला बादशहा भुलले, उमराव भुलले, कंपनी सरकारचे साहेब भुलले आणि त्यांच्या मडमाही भुलल्या. आता विषय निघालाच आहे, तर सगळ्यांचीच बिंगं फोडू या.

सुरुवात करायची ती थेट विजापुरापासून. म्हणजे पाहा, लफडं सुरू झालं ते आपल्याच शेजारात. तंबाखू मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या बाजूने दख्खनमध्ये आणली आणि आदिलशाहीत ती केव्हाच रुजली. दिल्ली-आग्र्याला मात्र तिचा गंध नव्हता. अशात अकबराचा एक सरदार विजापूरला गेला होता, आदिलशहाची मुलगी शहाजादा दानियालसाठी घेऊन यायला. तो तिथल्या पाहुणचारात असा रमला की परतायचं नावच घेईना. तेव्हा त्याला हलवायला बादशहाने असद बेग नावाच्या माणसाला पाठवलं. हा काळ १६०३-०४ च्या सुमाराचा. असद बेग काम उरकून परतला, पण येताना सोबत तंबाखू घेऊन आला. नुसती पुडी नव्हे बरं का. तीन हात लांबीची रंगवलेली नळी, तिच्या टोकांना रत्नं आणि मीनाकाम, ओठांशी धरायला येमेनी अकीक, तंबाखू जाळायला सोन्याचं पात्र, आणि हे सगळं चांदीच्या तबकात मांडलेलं. ही हकिकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

पुढचा प्रसंग काय वर्णावा! बादशहाची नजर तबकावर गेली. हे काय, म्हणून त्याने विचारलं. अकबराचा दूधभाऊ खान-ए-आझम शेजारीच होता. त्याने सांगितलं की ही तंबाखू, मक्का-मदिनेत प्रसिद्ध आहे, आणि हुजुरांसाठी औषध म्हणून आणली आहे. औषध! लक्षात ठेवा हा शब्द, सगळी मेख त्यातच आहे. बादशहाने नळी तोंडाला लावून दोन-तीन झुरके घेतले. तेवढ्यात हकीम धावत आला आणि पुरे म्हणाला. मग भर दरबारात वाद जुंपला. हकिमाचं म्हणणं, आमच्या ग्रंथांत या वस्तूचं नाव नाही, गुण माहीत नाही, बादशहाला कशी देऊ? असद बेगचं म्हणणं, फिरंगी लोक काय मूर्ख आहेत? त्यांच्यातही शहाणे आहेत, त्यांनी पारखूनच घेतली असेल ना? अकबराला युक्तिवाद आवडला, पण तंबाखू काही त्याने पुढे ओढली नाही. गंमत म्हणजे उरलेला साठा असद बेगने उमरावांत वाटला आणि बघता बघता प्रत्येकाला ती हवीशी झाली. व्यापाऱ्यांनी दुकानं थाटली. बादशहा सुटला, दरबार अडकला.

यात अजून पाण्याचा पत्ता नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलं असेल. पाणी आणलं कुणी? इथे तर कहरच आहे. सांगणारे सांगतात की अकबराच्या दरबारातला हकीम अबुल फतह गिलानी याने धूर पाण्यातून नेण्याची युक्ती काढली, म्हणजे त्यातले दोष निघून जातील. ऐकायला छानच वाटतं. पण हा हकीम वारला १५८९ मध्ये आणि तंबाखूचं तबक आग्र्याच्या दरबारात आलं त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी! वैद्याने रोग यायच्या आधीच औषध काढून ठेवलं म्हणायचं. इराणवाले निराळंच सांगतात. १५३५ मध्ये वारलेल्या अहली शिराजी या कवीच्या नावावरच्या एका रुबाईत पाण्याच्या नळीचा उल्लेख आहे, म्हणून शोध आमचा, असा त्यांचा दावा. आता त्या काळी इराणात तंबाखू पोचली होती की नव्हती यावर पंडित भांडतात. नसेल पोचली, तर मग त्या नळीतून ओढत तरी काय होते, हे मला विचारू नका. मी कानांवर हात ठेवले आहेत.

एवढं मात्र पक्कं की असद बेगच्या तबकानंतरच्या बारा-तेरा वर्षांत पाण्याचं भांडं हिंदुस्थानात सर्रास झालं होतं. थॉमस रो हा इंग्रज वकील जहांगीराकडे आला, त्याच्याबरोबरचा पाद्री एडवर्ड टेरी याने पाण्याने भरलेलं मडकं, त्यावरची आग आणि नळी यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. आणि जहांगीर? त्याने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, प्रकृतीला अपायकारक म्हणून. वा वा! स्वतः ऐन तारुण्यात दिवसाला दोनदा गाळलेल्या दारूचे वीस प्याले रिचवत होता, हे त्यानेच आपल्या आत्मचरित्रात नोंदलं आहे. वर अफूही होतीच. असा माणूस रयतेला झुरका सोडायला सांगतो! शेजारी इराणात शाह अब्बासनेही बंदी घातलेली. पण जहांगीराने त्याच्याकडे पाठवलेला वकील खान आलम असा अट्टल की घटकाभरही नळीवाचून राहवेना. शेवटी शाहाने त्याच्यापुरती सवलत दिली. तिकडे इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तर १६०४ मध्येच तंबाखूच्या नावाने बोटं मोडणारी पुस्तिका लिहिली होती. तुर्कस्तानच्या चौथ्या मुरादने १६३३ मध्ये थेट मृत्युदंडच लावला. चार सम्राट एका बाजूला, गुडगुडी दुसऱ्या बाजूला. जिंकलं कोण, ते पुढे दिसतंच.

मग हुक्क्याचे नखरे वाढले. गरिबाच्या हाती नारळाची करवंटी आणि बोरूची नळी. श्रीमंताच्या बैठकीत बिदरी कामाचं भांडं, काळ्या कुळकुळीत जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीची वेलबुट्टी. आज ही भांडी जगभरच्या संग्रहालयांत काचेआड मांडली आहेत आणि आपण तिकीट काढून ती बघतो. व्यसनाची भांडी हो, पण कारागिरी अशी की डोळे निवतात. तेवढ्यापुरती मी नरमते.

खरा तमाशा पाहायचा तर अठराव्या शतकातल्या कलकत्त्यात. कंपनीचे साहेब विलायतेहून यायचे आणि महिन्या-दोन महिन्यांत नळीला लागायचे. न ओढणाऱ्याकडे लोक असे बघत की याला जगायचंय की नाही! प्रत्येक साहेबाचा स्वतंत्र हुक्काबरदार असे. त्याचं काम एकच, हुक्का. पानांचा चुरा गुळात मळायचा, त्यात मसाले, गुलाबपाणी, कधी पिकलेली फळंही घालून मुरवायचं. कोळशाची पूड भाताच्या पेजेत मळून गुल वळायचे. भांड्यातलं पाणी रोज बदलायचं. लांबलचक वळणदार नळी धुऊन स्वच्छ ठेवायची. १७७९ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या पत्नीने गाण्याच्या मैफलीचं आमंत्रण पाठवलं, त्यात लिहिलं होतं की कृपया हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये. म्हणजे गव्हर्नर जनरलच्या घरच्या मैफलीतही गायकाला साथ गुडगुडीची!

आणि मडमा! एखाद्या साहेबावर मर्जी असली की बाई त्याच्याच हुक्क्याची नळी मागून घ्यायच्या आणि चार झुरके मारायच्या. भर मेजवानीत. सगळ्यांदेखत. तो त्या पुरुषाचा मोठाच बहुमान समजला जाई. उलट, कुणाच्या हुक्क्याच्या नळीवरून किंवा त्याखाली अंथरलेल्या छोट्या गालिच्यावरून चुकून पाय टाकला, तर तो घोर अपमान. त्यावरून द्वंद्वयुद्धापर्यंत मजल जायची. हातात पिस्तुलं घेऊन, नळी ओलांडली म्हणून! पुढे चिरूट आला, हुक्काबरदार परवडेनासे झाले आणि साहेबांनी हुक्का सोडला. नीतीमुळे नव्हे हं, खर्चामुळे.

उत्तरेच्या खेड्यांत मात्र तो राहिला, आणि तिथे त्याचं वेगळंच सोवळं. हुक्का एकाच जातबिरादरीत फिरायचा. वाळीत टाकायचं म्हणजे हुक्का-पाणी बंद. आमच्या पोरांनी ती अट मोडली म्हणावं, तर प्लास्टिकची छोटी टोकं आणली, प्रत्येकाची वेगळी. उष्टं नको, धूर चालेल.

आता या भांड्याच्या पोटात चालतं काय, ते एकदा कळू द्या, म्हणजे 'फिल्टर'चं नाटक संपेल. वरच्या चिलमीत तंबाखू मोकळी पसरलेली. त्यावर भोकं पाडलेली ॲल्युमिनियमची पन्नी, तिच्यावर पेटते कोळसे. चिलमीपासून एक दांडी खाली उतरते, तिचं टोक भांड्यातल्या पाण्यात दोन-तीन सेंटीमीटर बुडालेलं. झुरक्याची नळी मात्र पाण्याच्या वर, भांड्यातल्या मोकळ्या जागेत उघडते. तुम्ही ओढलंत की त्या जागेतली हवा कमी होते, बाहेरची हवा कोळशांवरून, तंबाखूतून खाली खेचली जाते आणि धूर होऊन पाण्यातून बुडबुड्यांनी वर येतो. गुडगुड आवाज त्याचाच. पाणी जास्त झालं तर ओढताना दम लागतो आणि घोटभर तोंडातही येतं. कमी झालं तर गुडगुडच नाही. यात पाणी करतं एकच काम, धूर गार करतं. त्यातलं थोडंफार विरघळतंही, पण कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो सरळ छातीत. शिवाय गार धुराने ठसका लागत नाही, म्हणून माणूस खोल ओढतो आणि तासभर ओढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सांगून ठेवलं आहे की तासाभराच्या बैठकीत आत जाणारा धूर एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट असतो. आणि हे म्हणे सिगारेट नव्हे! खरंच नव्हे.

मधल्या काळात हुक्का आजोबांबरोबर गेला असं वाटत होतं. पण १९९० च्या दशकात अरब देशांकडून फळांच्या स्वादाची, मधाळ पाकातली मुअस्सल तंबाखू पसरली आणि त्याला पुन्हा तारुण्य फुटलं. कडवटपणा गेला, वास बिस्किटाच्या दुकानासारखा. मग कैरो, दुबई आणि तिथून मुंबई-पुणं. भांड्यात बर्फ टाका, दूध टाका, सरबत टाका. चिलमीखाली अननस कोरून बसवा. फळाची ही विटंबना बघवत नाही हो; अननस काय स्वस्त आहे?

इथे मात्र माझी थट्टा थांबते. २०१७ च्या डिसेंबरात, २८-२९ तारखेच्या रात्री, मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबांना आग लागली आणि चौदा जण गेले. चौकशीत बोट दाखवलं गेलं ते हुक्क्याच्या कोळशाच्या ठिणग्यांकडे. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केली. गुजरातने ते आधीच केलं होतं. महाराष्ट्रात पार्लर चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड.

बंद झाली का मग? अहो, जहांगीराची बंदी ज्यांनी पचवली ते हे! पाटी बदलली. आता म्हणे तंबाखू नाहीच, 'हर्बल' आहे. तेच ते खान-ए-आझमचं औषध, नव्या डबीत. चेंबूरचं एक उपाहारगृह याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की खाणावळीच्या परवान्यात हुक्का देणं बसत नाही. लोक मुलाबाळांना घेऊन जेवायला येतात, शेजारच्या टेबलावर निखारे कसे चालतील? साधी गोष्ट, पण ती सांगायला दोन न्यायमूर्ती लागले.

तेव्हा पुढच्या वेळी भाचा, पुतण्या किंवा शेजारचा गुणी मुलगा "हर्बल आहे हो" म्हणाला, तर ओरडू नका, रागावू नका. तंबाखू काढली तरी धुरात कार्बन मोनॉक्साइड राहतोच, कारण तो मुख्यतः कोळशातून येतो. वर ठेवलेला कोळसाही हर्बल आहे का रे, एवढंच विचारा.