मुंबईहून आलंय का?

मुंबईत कुणी भोळसटपणा केला की 'अलिबागसे आया है क्या?' असं विचारतात. त्याविरुद्ध आमच्याकडच्या एका गृहस्थांनी थेट उच्च न्यायालयात याचिका केली आणि २०१९ साली ती फेटाळली गेली. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी आपल्यापुरता न्याय आधीच करून टाकला होता. आमच्या रेडिओ केंद्रात एखादं यंत्र सुरू होईना, की अण्णा चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात आणि विचारतात, "मुंबईहून आलंय का?"

बहुधा आलेलंच असतं.

केंद्र लहान. पन्नास वॅटचा ट्रान्समीटर, दोन माइक आणि वाडीत सुपारीच्या झाडांमधून वर काढलेला मनोरा, सरकारी नियमाप्रमाणे तीस मीटरच्या आत. आवाज दहा-बारा किलोमीटर जातो. त्यातलं निम्मं वर्तुळ समुद्रात, तेव्हा आमच्या श्रोत्यांत बोंबील बरेच. अण्णांचं पूर्वी बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता लोक पेन लावतात त्या खिशात ते टेस्टर लावतात आणि पगाराऐवजी चहा घेतात.

त्यांचं खरं वैर खाऱ्या वाऱ्याशी. पर्यटक ज्या वाऱ्याला छाती भरून दाद देतात, तोच वारा अँटेनाच्या कनेक्टरवर हिरवा कळंक चढवतो. मग वर जायची पॉवर अर्ध्या वाटेतून माघारी येते आणि ट्रान्समीटर जिवाच्या भीतीने जोर खाली घेतो. कुणी ओटीवरून सांगतं, "आज तुमची बाई खरखरत बोलली हो." अण्णा लगेच नारळ उतरवणाऱ्या गड्याला गाठतात, तो सरसर वर चढतो, आणि खालून अण्णा ओरडतात, "टेप ओढून गुंडाळ रे, लुगडं नाय नेसवत तू!" म्हसवडला २००८ पासून 'माणदेशी तरंग' हे आमच्यासारखंच रेडिओ केंद्र चालतं. माणदेशात पाऊस नाही म्हणून सगळा महाराष्ट्र हळहळतो; अण्णा मात्र त्या कोरड्या हवेच्या आठवणीने उसासा टाकतात.

एक कनेक्टर कितीसा महाग? पण तो कुणी देणगी म्हणून देत नाही. कनेक्टरवर नाव कोरायला जागा नसते. जागा असते ती मोठ्या यंत्रावर. म्हणून आमच्या दोन माइकांना चोवीस चॅनलचा मिक्सर आला. उरलेल्या बावीस चॅनलांवर मुंग्यांची वसाहत आहे. कुणाच्या अमेरिकेतल्या भाच्याने एकशेदहा व्होल्टचा रेकॉर्डर पाठवला. कुणीतरी उत्साहाने तो सरळ भिंतीत खुपसला. 'नमस्कार' म्हणेपर्यंत तो टिकला, 'श्रोतेहो'ला धूर आला.

अण्णा नाही म्हणत नाहीत आणि टाकूनही देत नाहीत. मेलेल्या प्रत्येक यंत्राचे स्क्रू आणि सुटे भाग त्यांनी वेगवेगळ्या बरण्यांत ठेवलेत, आवळ्याच्या, लिंबाच्या, मोरंब्याच्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने केंद्राचे पत्रे उडवले, तेव्हा अण्णा वाडीभर पत्रे नव्हे, बरण्या शोधत होते. त्यातलीच एक मोटर आज ट्रान्समीटरचा पंखा फिरवते. मी एकदा म्हटलं, "अण्णा, आपण मुंबईची अडगळ झालोय." ते म्हणाले, "आजची नाय रे ही रीत." मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नाजूक वेध बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला आणली, मुद्दाम लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. (तेव्हा जिल्ह्याचं नावही कुलाबाच, रायगड झालं १९८१ साली. म्हणजे कुलाब्याहून निघाली ती कुलाब्यातच पोचली.) "तेवढी एकच वस्तू मुंबईने चालू स्थितीत दिली," अण्णा म्हणाले.

गेल्या वर्षी एका साहेबांनी यूपीएस दिला. बॅटऱ्या गतप्राण, पण सोबत दोन फुटी तांब्याची पाटी, 'सप्रेम भेट'सह तीन पिढ्यांची नावं कोरलेली. त्याच सुमारास प्रक्षेपणात घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. अर्थिंग गेलं होतं. अण्णांनी मनोऱ्याच्या पायथ्याशी खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, आणि हवा होता तो तांब्याचा पत्रा. तांब्याचा भाव ऐकून ते दुकानातून परत आले, यूपीएससमोर जरा वेळ उभे राहिले.

संध्याकाळी घूं थांबला.

मे महिन्यात साहेब मांडव्याला बोटीतून उतरून सहकुटुंब हजर. यूपीएसकडे त्यांनी पाहिलंही नाही. "आमची पाटी कुठे लावलीत?"

माझ्या पोटात गोळा. अण्णा शांतपणे उठले, पाण्याने भरलेला तांब्या साहेबांच्या हातात दिला आणि सगळ्यांना मनोऱ्यापाशी घेऊन गेले. "साहेब, सगळं केंद्र तुमच्या पाटीवर उभं आहे. उन्हाळ्यात तेवढं पाणी घालावं लागतं."

साहेबांनी चपला काढल्या, पदर सावरत बाईंनी त्यांच्या हाताला हात लावला, आणि दोघांनी मिळून अर्थिंगला पाणी घातलं.