गजूभाऊ

नागपुरात माघ वद्य सप्तमीला, शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रकट दिनाच्या महाप्रसादात, झुणक्याच्या गंजाशेजारी बाह्या सरसावून उभा असलेला आणि 'बसा ना बाप्पा, भाकर घ्या' म्हणत अंबाडीची भाजी वाढणारा पन्नाशीचा गृहस्थ दिसला, की त्याचं नाव विचारावं लागत नाही. तो आईचा गजू, दोस्तांचा गज्या आणि मोहल्ल्याचा गजूभाऊ. गजाननराव तेवढा लग्नपत्रिकेत आणि सासुरवाडीत. फोनवर समोरचा 'जय गजानन' म्हणाला, तर हा आपल्याला नमस्कार आहे की महाराजांना, हे त्याला आजवर नीट कळलेलं नाही. तो दोन्ही स्वीकारतो.

हे नाव शेगावचं, असं म्हटलं की जाणकार हरकत घेतात. गजानन म्हणजे गणपती. माडगूळकर गजानन होते, त्यांचा शेगावशी काय संबंध? खुद्द नागपुरात 'तरुण भारत'चे संपादक माडखोलकर गजानन, 'नया खून'मध्ये लिहिणारे मुक्तिबोधही गजानन, आणि मुक्तिबोध तर १९१७ साली जन्मले ग्वाल्हेरकडच्या श्योपूरला. हरकत रास्त आहे. पण १८७८ साली शेगावात उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना दिसलेल्या त्या अवलियाला लोकांनी गजानन महाराज म्हटलं, आणि विदर्भात या नावाचा दिवस बदलला. इतरत्र गजाननाचा दिवस चतुर्थी, गजूभाऊचा गुरुवार. नवसाने झालेल्या मुलाला दुसरं नाव सुचतच नसे, म्हणून एकाच वर्गात तीन-तीन गजानन असत आणि मास्तर त्यांना आडनावावरून बदडत.

आता वर्गात एकही नाही. भक्ती आटली म्हणावं, तर शेगावची रांग बघा. नागपुरात किराणा, ट्रॅव्हल्स, मंगल कार्यालय, फ्लॅट स्कीम, ऑटोची मागची काच, जिथे पाटी आहे तिथे गजानन आहे. म्हणजे नाव गेलं नाही, त्याला बढती मिळाली. पाळण्यातून ते दुकानावर चढलं. फॅशन बदलली, एवढं म्हणून भागत नाही, कारण गजूभाऊच्या मुलाचं नाव अथर्व आहे. ते आलं अथर्वशीर्षावरून, म्हणजे दैवत तेच. शेजारचा ओंकारही त्याच घराण्यातला. बाप मात्र गुणपत्रिकेवर मधल्या जागी मुक्कामाला आहे.

जुनी नावं फिरून येतात, असा दिलासा काही जण देतात. राघव आला, कबीर आला, गजाननही येईल. मला तशी आशा नाही. राघवला हाक मारताना राघवच म्हणतात. गजाननाचा मात्र बारशाचे पाहुणे पांगायच्या आत गज्या होतो, आणि 'काऊन बे गज्या' ही हाक जन्मभर मागे लागते. विमा एजंट असो, बँकेतला साहेब असो, बर्डीच्या भर चौकात ती कोणालाही सोडत नाही. हे गजूभाऊइतकं कोणाला ठाऊक? आजीला नातवाचं नाव गजाननच हवं होतं. अथर्वचा हट्ट त्याचाच.