वारा सरला का?

"अहो काकू, ऐकलंत का? पलीकडच्या अण्णांना चक्क च्युइंगम चघळायला दिलंय!"

"कोण म्हणालं?"

"त्यांची सूनच. आतड्याचं ऑपरेशन झालं ना परवा? डॉक्टर येतात, पोटाला नळी लावून ऐकतात आणि सगळ्यांसमोर विचारतात, 'वारा सरला का?' अण्णा बिचारे भिंतीकडे तोंड करून पडतात."

"अगं, लाजायचं काय त्यात? जन्म गेला माझा सर्जिकल वॉर्डात. तो प्रश्न आधी, बाकीचं नंतर. आतड्याला हात लागला की ते रुसून बसतं. त्यात भूल दिलेली, वर मॉर्फिनसारखी औषधं."

"पण हातपाय हलतात की त्यांचे. काल चालवलंसुद्धा."

"हातापायाचे स्नायू आपलं ऐकतात. आतड्याचे अनैच्छिक, शाळेत शिकलीस ना? घास नरड्याखाली गेला की आपली सत्ता संपली. त्यांचा ठेका आतल्या आत चालतो. जठराचा मिनिटाला तीनदा, लहान आतड्याच्या सुरुवातीला बाराच्या आसपास. ठेका धरणाऱ्या पेशी आतड्याच्या भिंतीतच असतात. काहाल नावाच्या स्पॅनिश डॉक्टरचं नाव आहे त्यांना. 1906 चं नोबेल मिळालं होतं त्याला."

"या पेशींसाठी?"

"छे, मेंदूच्या कामासाठी."

"म्हणजे मला भूक लागली की पोटात गुडगुडतं, तेही यांचंच?"

"त्यांचंच. पोट रिकामं असलं की दीड-दोन तासांनी एक लाट जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत झाडू मारत जाते. तुझे कावळे ते!"

"आणि अण्णांचा वारा?"

"लहान आतडं एका दिवसात जागं होतं. जठर एक-दोन दिवस घेतं. मोठं आतडं महाआळशी, त्याला दोन-तीन दिवस लागतात. वारा सरला म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत कारभार सुरू झाला."

"मग च्युइंगम कशाला?"

"चघळलं की मेंदूला वाटतं, जेवण आलं. लाळ सुटते, खाली वर्दी जाते. सिझेरियनवाल्या बायकांनाही देतात काही ठिकाणी. प्रत्येकाला गुण येतोच असं नाही हं, पण चालणं मात्र कुणाला चुकत नाही."

"मी संध्याकाळी जाणारे भेटायला. शिरा करून नेते थोडा, तूप घालून."

"खबरदार! डॉक्टर हो म्हणेपर्यंत घोटभर चहासुद्धा द्यायचा नाही. जायचंच असेल तर रिकाम्या हाताने जा, आणि सगळ्यांदेखत त्यांना तो प्रश्न विचारू नकोस."