एवढं माहीत, आन् तोंडाला कुलूप!

"काकू, पापड उलटून झाले का? मग या जरा कठड्यापाशी. समोरच्या खालांच्या धाकटीचं कळलं का?"

"कुठली? ती चिकनचं भरतकाम करते ती?"

"तीच. मास्तरीण झालीया."

"कसली मास्तरीण?"

"आता कसं सांगू... पाळीची. दिवस जाण्याची, न जाण्याची. गोळ्यांची, निरोधची. कुठल्याशा संस्थेत शिकून आली. दुपारी गल्लीतल्या पोरी कामाला बसल्या की ही मधी बसती. हातानं मुर्रीचे टाके काढती आन् तोंडानं हे!"

"अगंबाई! आणि खाला गप्प बसल्या?"

"कशाच्या! आठ दिवस बोलत नव्हत्या पोरीशी. मोहल्ल्यात तोंड कसं दाखवू म्हनत हुत्या. पण त्यांना सोताला लई दिवस अंगावरून पांढरं जात हुतं, खाज सुटायची. भिंतीवरच्या जाहिराती वाचून कुठलंतरी चूर्ण खात हुत्या. पोरगी म्हनाली, थोडं जाणं सगळ्यांनाच असतं, पण वास, खाज, रंग बदलला तर दवाखाना. हाताला धरून क्वीन मेरी इस्पितळात नेलं. औषधानं बऱ्या झाल्या. आता सोताच पोरी धाडत्यात तिच्याकडं. हे मला खालांनीच सांगितलं हां, पोरीनं न्हाई."

"चांगलंच झालं की."

"झालं वो. पण मला आपलं वाटायचं, त्यांच्या मुसलमानांत असलं बोलत नसतील."

"आणि आपल्यात बोलतात? 2007 साली आपल्या महाराष्ट्र सरकारनं शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं, पोरं बिघडतील म्हणून. माहेरी विट्याला तुला कुणी सांगितलं होतं काय?"

"आईनं एवढंच सांगितलेलं, लोणच्याला शिवू नको."

"बघ! अगं, र. धों. कर्व्यांनी मुंबईत 1921 सालीच संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. 1927 पासून मरेपर्यंत, 1953 पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. खटले झाले. 1934 च्या खटल्यात तर वकील कोण, बाबासाहेब आंबेडकर! आमचे सासरे ते अंक गादीखाली ठेवायचे."

"आन् सासूबाई?"

"गादी रोज झाडायच्या. फार वेळ लागायचा झाडायला."

"काय सांगता!"

"आणि त्यांच्यात म्हणशील, तर रशीद जहाँ कोण होत्या? आपल्याच इझाबेला थोबर्न, म्हणजे आयटी कॉलेजात शिकल्या, मग दिल्लीला जाऊन बायकांच्या डॉक्टर झाल्या. 1932 साली इथं लखनौत 'अंगारे' नावाचं पुस्तक छापलं, चौघांचं मिळून. त्यात त्यांचं एक नाटुकलं आहे, पडद्यामागच्या दोन बायका बोलत बसतात. सारखी बाळंतपणं, दुखणी, आणि नवरा दुसरी आणील ही धास्ती. पुढच्याच वर्षी सरकारनं पुस्तकावर बंदी घातली."

"दोन बायका बोलल्या म्हनून बंदी? मग आपलं काय खरं न्हाई, काकू."

"हसू नकोस. 2001 साली याच शहरात एड्सची माहिती देत फिरणाऱ्या चौघा कार्यकर्त्यांना पोलिसांनी उचललं होतं. समलिंगी संबंधांचं 377 कलम लावलं, 47 दिवस आत ठेवलं."

"आगं आई! म्हंजे खालांची भीती खोटी न्हाई."

"नाहीच. आता वारं थोडं बदललंय. 2014 पासून सरकारचाच किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात गावोगाव अशी पोरं-पोरी निवडतात. हजार वस्तीमागं चार, दोन मुलगे, दोन मुली. 'साथिया' म्हणतात त्यांना."

"पण पोरीच कशाला? दवाखान्यात शिकलेल्या बाया हायत की."

"तिथं खिडकीवर नाव सांगायचं, लग्न झालंय का सांगायचं, आणि मागं रांगेत आपल्याच गल्लीतली कोणीतरी उभी. तुझी सतरा वर्षांची पोर गेली असती?"

"न्हाई बा. आन् ही पोरगी डॉक्टरकी करत न्हाई, ते मला आवडलं. मला येत न्हाई म्हनती, चल, मी बरोबर येते. कपडा वापरायचा तर वापरा म्हनती, पण चादरीखाली लपवून वाळवू नका, उन्हात टाका. चार-सहा तासांनी बदला. आता बघा खालांच्या गच्चीवर, उघड्यावर वाळतंय सगळं. शेजारचे चचा तिकडं बघत न्हाईत, मान वळवून चालत्यात बिचारे."

"शिकले म्हणायचे तेही."

"पण एक खोड लई वंगाळ हाय तिची. सांगत कायच न्हाई."

"आत्ता तर म्हणालीस, सगळं सांगते."

"इलाजाचं सांगती. कुणी विचारलं ते न्हाई! तिनं एक बिस्किटाचा डबा ठेवलाय. ज्यानं त्यानं चिठ्ठी टाकायची, नाव लिवायचं न्हाई. ही सगळ्यांसमोर वाचून उत्तर देती आन् चिठ्ठी तिथंच फाडून टाकती. परवा एक चिठ्ठी निघाली, संबंधानंतर गोळी किती दिवसांत घ्याय लागती म्हनून. ही म्हनाली, जेवढ्या लवकर तेवढं बरं, 72 तासांच्या आत. पण ती रोजची न्हाई, अडीनडीची. मी अक्षर बघाय मान लांब केली, तर तिनं हात मागं घेतला!"

"शाबास!"

"शाबास काय? बाकी गल्लीत कुणाकडं काल काय शिजलं ते मला ठाऊक. खालांच्या थोरलीचं लग्न कुठं अडलं ते ठाऊक. आन् हिच्या पोटात निम्म्या मोहल्ल्याची गुपितं, आन् तोंडाला कुलूप! मी चहा पाजला, पुरणपोळी दिली, काय बी उपेग न्हाई. वर म्हनती कशी, चाची, मी एकीचं सांगितलं की दुसऱ्या दिवशी डबा रिकामा."

"खरंच आहे. तिची सगळी मास्तरकी त्यावरच उभी आहे. तुझ्या-माझ्यासारखी असती तर एक पोरगी फिरकली नसती."

"मला बोलताय व्हय?"

"दोघींना. पण काय गं, तू तिथं दुपारी जातेस कशाला? तुला कुठं चिकन येतं?"

"जाते आपली. बसाय."

"आणि डब्यात चिठ्ठी टाकलीस वाटतं?"

"मी? मी कशाला... म्हंजे, या वयात पाळी पुढं-मागं व्हाय लागली की बाईला चार गोष्टी इचाराव्या वाटत्यात, त्यात काय."

"काय विचारलंस?"

"पापड उलटा काकू, करपत्याल उन्हानं."

"अगं, काय विचारलंस?"

"ते तिला इचारा. बघू सांगती का!"